ठाण्याहून जयंतिया हिल्स : एका गुहेचा नकाशा काढला त्याची गोष्ट

निघायच्या आधी

गुहा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर लेणी येतात. कान्हेरी, कोंडाणे, आमच्या ठाण्याच्या जवळचं म्हणाल तर लोनाड. ही सगळी माणसाने छिन्नी-हातोडीने खोदलेली. पाण्याने कोरलेली मैलोन्मैल गुहा आपल्या सह्याद्रीत होत नाही कारण आपला दगड बेसॉल्ट, लाव्हा थंड होऊन झालेला, पावसात विरघळत नाही. चुनखडी विरघळते. पावसाचं पाणी हवेतून आणि मुख्य म्हणजे मातीतून कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं नि दगडाच्या फटीत शिरतं, मग हजारो लाखो वर्षं फट रुंदावत बसतं. जयंतिया हिल्स ज्या मेघालयात आहेत, तिथे चुनखडीही आहे आणि पाऊस तर काय विचारू नका, म्हणून भारतातल्या सगळ्यात लांब गुहा तिकडे आहेत. आणखी एक, तिथली चुनखडी आपल्या सह्याद्रीच्या दगडापेक्षा वयाने लहान आहे. आपला दगड साधारण ६.६ कोटी वर्षांचा, त्यांचा त्याच्यानंतर समुद्राच्या तळाशी साचलेला. हे मला आमच्या ग्रुपच्या दादाने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा खरंच वाटलं नव्हतं.

आमचा ग्रुप छोटा, सहा जण. नौपाड्याचा दादा आमचा लीडर, याआधी तीनदा मेघालयात जाऊन आलेला. ऐरोलीची ताई आर्किटेक्ट, त्यामुळे स्केच तिच्याकडे. कळव्याचा एक जण दोराचं काम बघतो, बेलापूरच्या कातळांवर वाढलाय तो. डोंबिवलीचा फोटोवाला, बेलापूरचे डॉक्टर काका, आणि मी, घोडबंदर रोडची. आम्ही एकमेकांना स्टेशनच्या नावानेच हाक मारतो, ए कळवा, ए डोंबिवली, आता खरी नावं तोंडात पण येत नाहीत.

सर्व्हेची, म्हणजे गुहा मोजून नकाशा काढायची, प्रॅक्टिस आमच्या सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये केली. वॉचमन काकांना सांगून रात्री अकराला लाइट बंद केले आणि हेडलॅम्पवर खांब, भिंती, रॅम्प असं सगळं कागदावर उतरवलं. स्केच झकास आलं पण होकायंत्राचे आकडे पार भरकटलेले, एकाच भिंतीची दिशा दोन टोकांना दोन वेगळ्या. कारण उघड होतं, खांबात स्लॅबमध्ये सगळीकडे लोखंडी सळया. तेव्हा दादा म्हणाला हे लक्षात ठेवा, लोखंड होकायंत्राला फसवतं आणि फसवलंय हे कळू देत नाही. मग डिस्टोएक्सचं कॅलिब्रेशन आम्ही येऊरला मोकळ्यावर जाऊन केलं. डिस्टोएक्स म्हणजे बांधकामवाल्यांचा लेझर टेप असतो ना, त्यात एका स्विस माणसाने वेगळं सर्किट बसवून होकायंत्र आणि चढ-उताराचा कोन मोजायची सोय केलीय, एक बटण दाबलं की अंतर, दिशा, कोन तिन्ही मिळतात. कॅलिब्रेशनला सगळ्या दिशांना फिरवत ५६ वेळा शॉट घ्यावे लागतात. सकाळी सहाला गेलेलो, पावणेआठला संपलं, मग मामलेदारची मिसळ.

आईचं एकच, त्या थायलंडच्या पोरांसारखं होईल. २०१८ मध्ये थाम लुआंग गुहेत १२ मुलं आणि त्यांचा कोच अडकले होते ते सगळ्यांना आठवत असेल, पाणी उपसायला सल्ला द्यायला आपल्या किर्लोस्करांचे इंजिनियर गेले होते. आईला सांगितलं की ते जून महिन्यात आत गेले होते, आम्ही फेब्रुवारीत जातोय, तिकडे गुहेत उतरायचा सीझन हिवाळाच. तिला ते पटलं नाही. पण तिने भाजणी दळून दिली दीड किलो.

दिवस १, शनिवार

पहाटेचं विमान. सामानात दोन दोर, प्रत्येकी ६० मीटर, साडेदहा मिमीचे स्टॅटिक म्हणजे न ताणले जाणारे, वजनाला चार-चार किलो. शिवाय हार्नेस म्हणजे दोरावर लटकायला कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे, हेल्मेट, बोल्ट, ड्रिल. तीन तासांत गुवाहाटी, तिथून सुमो करून शिलाँग. वाटेत उमियमचा तलाव लागतो, तिथे चहाला थांबलो आणि थंडीने पहिल्यांदा कान धरले.

शिलाँगला तिकडची दोन माणसं भेटली, पंचवीस-पंचवीस वर्षं गुहेत उतरणारी. मोठ्यांना तिकडे 'बाह' म्हणतात, आपलं दादा म्हटल्यासारखं, बाईमाणसाला 'काँग'. दोघांना आम्ही मोठे बाह आणि धाकटे बाह असंच म्हणत होतो शेवटपर्यंत. मेघालयात १९९२ पासून जवळपास दरवर्षी देशोदेशीच्या लोकांना घेऊन गुहा शोधायच्या, मोजायच्या मोहिमा चालू आहेत, मेघालय अ‍ॅडव्हेंचरर्स असोसिएशनने हे काम उभं केलंय. दीड हजारांहून जास्त गुहांची नोंद आहे आणि चारशे किलोमीटरच्या वर मोजून झालंय. क्रेम लिअत प्राह एकटी ३० किलोमीटरच्या वर. क्रेम म्हणजे गुहा. क्रेम पुरी तर वालुकाश्मातली, साडेचोवीस किलोमीटर, वालुकाश्मातली जगातली सगळ्यात लांब. मी ठाणे ते कल्याण अंतराशी मनातल्या मनात ताडून बघितलं, आणि गप्प बसले.

आम्ही जाणार होतो ती गुहा या मोठ्यांपैकी नाही. नाव आणि गाव लिहीत नाहीये, गावाने तशी विनंती केली होती.

दिवस २, रविवार

जोवईमार्गे गावात. हायवेला ट्रकच ट्रक. जयंतिया हिल्समध्ये उंदराच्या बिळासारख्या कोळशाच्या खाणी होत्या, हरित लवादाने २०१४ मध्ये बंदी घातली, तरी रस्त्याकडेला काळे ढीग दिसतात. पुढे सिमेंटचे कारखाने. चुनखडी म्हणजेच सिमेंट, हे शाळेत शिकलेलो असतो पण ज्या डोंगरात गुहा आहे त्याच्या शेजारच्या डोंगराला निम्मा कापलेला बघितल्यावर ते वेगळं कळतं. ताई खिडकीतून बघत म्हणाली, मी रोज ड्रॉइंगवर काँक्रीटचा ग्रेड लिहिते. पुढे कोणीच काही बोललं नाही. पारसिकच्या डोंगराला खाणींनी कसं कुरतडलंय ते ठाणे-बेलापूर रोडने जाणाऱ्याला सांगायला नको, आम्ही लहानपणापासून तेच बघत आलोय.

रविवार, त्यामुळे सगळं गाव चर्चमध्ये. रविवारी गुहेत उतरायचं नाही हा तिथला शिरस्ता, आम्हीही पाळला. संध्याकाळी गावप्रमुखांकडे गेलो. पानाचा तुकडा, चुना आणि ओली सुपारी, त्याला क्वाई म्हणतात, ती घेतल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही. मला सुपारीने घाम फुटला, कान तापले, पण नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. मोठे बाह बोलत होते नि आम्हाला हिंदीतून सांगत होते. गावप्रमुखांचा प्रश्न एकच होता. तुम्ही मोजणार ते ठीक, पण ही गुहा आमच्या कुणाकुणाच्या शेताखालून जाते ते सांगू शकाल का? खाणीसाठी विचारणा करायला माणसं येऊन गेलीत, आणि गावाचा पिण्याच्या पाण्याचा झरा त्याच डोंगराच्या पायथ्याशी आहे.

दादाने लगेच होकार दिला नाही. म्हणाला मोजून झालं की जे खरं असेल ते सांगू.

दिवस ३, सोमवार

गावातला एक पोरगा पुढे कोयता घेऊन, मागे आम्ही. बांबूच्या बनातून पाऊण तास. एक लहानसा ओढा येतो आणि झाडाच्या मुळांखाली सरळ जमिनीत जातो, बस्स. पावसाळ्यात तिथे कोण उभं राहू शकेल असं वाटत नाही, आता पाणी घोट्यापर्यंत. मुळांच्या पलीकडे पाच-सात मीटर वाकून गेलं की जमीन संपते.

कळव्याने रिगिंग केलं. झाडाला एक, दगडाला एक अशी दुहेरी बांधणी, मग कडेला बोल्ट. बघणाऱ्याला ते कंटाळवाणं, अडीच तास फक्त ड्रिलचा आवाज. पण दोर कुठेही दगडाला घासता कामा नये, वर चढताना माणूस त्याच दोरावर झोके खात असतो आणि चुनखडीची कड सुरीसारखी असते. नऊ मीटरवर एक फुगवटा होता म्हणून तिथे पुन्हा बोल्ट मारून दोर नव्याने बांधला, याला रिबिले म्हणतात. तिथे पोचल्यावर लटकल्या लटकल्या एका दोरावरून दुसऱ्यावर जायचं असतं. बेलापूरला उन्हात वीस वेळा केलेलं. इथे पायाखाली अंधार, बाजूने पाणी ठिबकतंय, माझे हात थरथरत होते. कडी लावली, ओढून बघितली, परत ओढून बघितली, मग खाली. २८ मीटर. तळाला पाय टेकल्यावर ओरडायचं 'रोप फ्री', तेवढं ओरडले आणि मग आधी वर बघितलं. वरती उजेडाचं एक पान, हिरवं.

त्या दिवशी १४० मीटर मोजले. आत हवा उबदार, वरच्यापेक्षा बरी.

दिवस ४, मंगळवार

मोजणीची पद्धत सांगते कारण सगळं काम तेच आहे. एक जण पुढे जाऊन दगडावर ठळक टोक बघतो, नेलपेंटचा बारीक ठिपका देतो, ते स्टेशन. मागचा डिस्टोएक्सने मागच्या स्टेशनवरून पुढच्या स्टेशनवर शॉट मारतो, तीनदा. तिन्ही जुळले की तो एक लेग पक्का. मग त्याच जागेवरून डावी भिंत, उजवी भिंत, छत, तळ. आकडे ब्लूटूथने फोनमधल्या टोपोड्रॉइड अ‍ॅपमध्ये जातात आणि रेषा उमटते, पण रेषा म्हणजे गुहा नव्हे, तिच्या दोन्ही बाजूला भिंत कशी वळते, कुठे धोंडे, कुठे पाणी, कुठे वाळू, हे स्केच करणारा काढतो. ताईला एका लेगला दहा मिनिटं लागायची. आम्ही तोपर्यंत थंडीने आखडून बसलेलो. थांबलं की गारठा, चाललं की घाम.

या दिवशी पाण्याचा मोठा पॅसेज लागला. आठ मीटर रुंद, उंची दहाच्या पुढे, भिंती धुतल्यासारख्या गुळगुळीत, आणि भिंतींवर बारीक बारीक खळगे, सगळे एका बाजूला झुकलेले. पाणी कुठल्या दिशेने आणि किती वेगाने जायचं ते त्या खळग्यांवरून वाचता येतं, खळगे लहान तितका वेग जास्त. धाकटे बाह हाताने चाचपून सांगत होते, आजी धान्य निवडताना बोलते तसे.

मग त्यांनी टॉर्च वर मारला. छताच्या खोबणीत, आमच्या डोक्यावर सहा मीटर, बांबूच्या काटक्या आणि एक चिप्सचं पाकीट अडकलेलं. म्हणजे पावसाळ्यात पाणी तिथपर्यंत चढतं. त्या पाकिटाकडे बघत किती वेळ गेला मला माहीत नाही. आईला हे सांगितलेलं नाही, आता वाचेल.

पुढच्या डोहात पांढुरके मासे दिसले, बोटभर, डोळ्यांच्या जागी नुसता ठिपका. २०१९ मध्ये याच जयंतिया हिल्समधल्या क्रेम उम लडॉ गुहेत ४० सेंटिमीटरच्या वरचा मासा सापडला, भूगर्भातल्या माशांमध्ये जगातला सगळ्यात मोठा, आणि २०२३ मध्ये त्याला तिथल्या प्नार लोकांचं नाव दिलं. आमचे कुठले ते आम्हाला ओळखता येणार नव्हतं, डोंबिवलीने पाण्यात पाय न घालता फोटो काढले. गारो हिल्समधल्या सिजू गुहेत १९२२ मध्ये केम्प आणि चोप्रा या झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या दोघांनी आतल्या जिवांची नोंद केली होती, शंभर वर्षांपूर्वी, तेव्हाच्या दिव्यांवर, हे डॉक्टर काकांनी तिथेच उभ्या उभ्या सांगितलं.

४१२ मीटर. बाहेर आलो तेव्हा सहा वाजलेले, तिकडे साडेपाचलाच काळोख होतो. रात्री भाजणीचं थालीपीठ, गावातल्या काँगनी एक खाल्लं आणि दुसरं मागून घेतलं, बदल्यात त्यांचा जादोह, म्हणजे मांस घालून केलेला भात.

दिवस ५, बुधवार

आज माझ्याकडे डिस्टोएक्स होता.

मोठ्या पॅसेजच्या डाव्या भिंतीला एक फट, सरपटत जायची, तिच्यापुढे वळणं घेत उभा चिंचोळा बोळ. छान चाललेलं, लेगमागून लेग, तिन्ही शॉट दर वेळी जुळत होते, मी खूश. दुपारी तीनला बोळ एका भोकातून बाहेर पडला आणि खाली बघते तर आमचाच नेलपेंटचा ठिपका, २३ नंबरचं स्टेशन. म्हणजे फिरून त्याच ठिकाणी आलो, लूप झाला. सर्व्हेवाल्यांना लूप फार आवडतो कारण तिथे आपलं काम तपासलं जातं. फिरून आलेली रेषा ज्या बिंदूवरून सुटली तिथेच यायला पाहिजे.

रात्री लॅपटॉपवर सर्वेक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये डेटा टाकला. २४० मीटरच्या लूपमध्ये ६.८ मीटरचा फरक. जवळजवळ तीन टक्के. चांगल्या सर्व्हेला एक टक्का, फार तर दोन. नकाशात २३ नंबरचं स्टेशन दोन ठिकाणी दिसत होतं, मध्ये एका खोलीएवढं अंतर.

कोणी काही बोललं नाही आणि ते जास्त लागलं. दादाने विचारलं तू हार्नेस काढला होतास का. नव्हता काढला. दोरावरून उतरल्यावर बाकी सगळ्यांनी काढून तळाशी ठेवले, मी म्हटलं परत चढायचंच आहे, कशाला. माझ्या हार्नेसच्या पोटाशी जी मोठी डी आकाराची कडी आहे ती स्टीलची. बोळ इतका चिंचोळा की डिस्टोएक्स छातीशी धरूनच शॉट मारावा लागत होता. आणि तिन्ही शॉट जुळत होते कारण कडी तिन्ही वेळा तिथेच होती. चूक एकसारखी असली की ती बरोबर दिसते. बेसमेंटमधल्या सळयांचं मला सगळ्यात आधी आठवायला हवं होतं, मी स्वतः ते आकडे लिहिले होते. पुढच्या स्टेशनवरून मागे उलटा शॉट घेतला असता तरी तिथल्या तिथे कळलं असतं, वेळ वाचवायला तोही घेतला नव्हता.

झोप नाही लागली. गावप्रमुखांना शेतं दाखवायची होती. सात मीटर म्हणजे एक बांध इकडचा तिकडे.

दिवसाचे नवे ३८६ मीटर, त्यातले किती खरे ते उद्या.

दिवस ६, गुरुवार

पुन्हा तोच बोळ. हार्नेस काढला, हेल्मेटचा दिवा डिस्टोएक्सपासून लांब धरला, चष्म्याची दोरी सुद्धा काढली कारण तिला बारीक स्प्रिंग आहे. चौदा लेग, साधारण ११० मीटर, पुढून-मागून दोन्ही बाजूंनी शॉट. कोपर सोलले. बुधवारच्या आकड्यांशी ताडून बघत होतो, काही लेगला तीन-चार अंशांचा फरक, काहींना अजिबात नाही, बोळाची दिशा बदलली की फरक बदलायचा. ताईने जुनं स्केच खोडलं नाही, त्यावरच नवी रेषा चढवली. मला म्हणाली, आमच्या ऑफिसात पण साइटवर जाऊन परत मोजतात गं, त्यात काय. बरं वाटलं.

एकच्या सुमाराला वरून निरोप आला. तोंडाशी कायम एक जण बसवायचा हा नियम, ढग आले की खाली सांगायचं. काकांनी शिट्टी मारली, तीन मोठ्या. फेब्रुवारीतला पाऊस, कदाचित शिंतोडे पडून जाईल, पण चिप्सचं पाकीट सगळ्यांच्या डोक्यात होतं. उपकरणं डब्यात भरली नि निघालो. दोरावर वर चढायला माझे १४ मिनिटं गेली, एक पाय-दोन हात असं बेडकासारखं, वरून माती मिसळलेलं पाणी तोंडावर. पाऊस अर्धा तास पडला. ओढ्याचं पाणी घोट्यावरून पोटरीपर्यंत आलं, तेवढंच, पण रंग चहासारखा झाला आणि आवाज बदलला.

रात्री नवीन आकडे टाकले. १.९ मीटर. एक टक्क्याच्या आत. डोंबिवलीने टाळी दिली.

दिवस ७, शुक्रवार

गुहेत कोणी उतरलं नाही, खाली पाणी गढूळ. जीपीएस घेऊन डोंगरावरून फिरलो, गुहेचं तोंड, शेतांचे कोपरे, चर्च, पाणवठा, सगळ्याचे पॉइंट घेतले. बरोबर शेतांचे मालक, म्हणजे मालकिणी, कारण तिकडे जमीन आईकडून मुलीकडे जाते, धाकटी मुलगी घर सांभाळते. एक आजीबाई होत्या सत्तरीच्या, त्या स्वतः पुढे होऊन बांध दाखवत होत्या, माझा हात धरून. त्यांनी विचारलं खाली किती खोल आहे. इथे या ठिकाणी साधारण चाळीस मीटर, बाह म्हणाले. आजींनी पायाने जमीन दोनदा आपटून बघितली आणि मग त्या जागेवरून बाजूला सरकल्या, हळूच, कुणी झोपलंय त्याच्यावरून उतरावं तशा.

दुपारी दोन्ही डेटा एकावर एक ठेवले. मोठा पॅसेज चार शेतांखालून जातो, चर्चच्या मैदानाच्या कडेने वळतो आणि दक्षिणेला झऱ्याच्या रोखाने निघतो. आम्ही जिथवर मोजलं होतं तिथून झरा शंभर-सव्वाशे मीटरवर.

दिवस ८, शनिवार

पाणी निवळलं. शेवटचा दिवस, सरळ त्या दक्षिणेच्या टोकाला. पॅसेज बुटका होत गेला, मग कमरेपर्यंत पाणी, मग गळ्यापर्यंत असा एक डोह, वर हवा हातभर. दादाने विचारलं कोण येतंय, ज्याला नाही यायचं त्याने नाही यायचं. काका नि डोंबिवली थांबले. मी गेले. हेल्मेट छताला घासत होतं, डिस्टोएक्सचा डबा डोक्यावर. वीस पावलं असतील, पण गार पाणी बरगड्यांना कसं आवळतं ते आठवलं की अजून श्वास अडकतो.

पलीकडे कोरडी वाळू, आणि भिंतीभर पांढरा कॅल्साइटचा पडदा, छतापासून खालपर्यंत चुण्या पडलेला, अजून ओला, म्हणजे अजून वाढतोय. एवढ्याशा थेंबांनी. चेरापुंजीजवळच्या मॉम्लुह गुहेतल्या असल्याच एका लवणस्तंभाचे थर वाचून शास्त्रज्ञांनी साधारण ४,२०० वर्षांपूर्वीचा मोठा दुष्काळी काळ ओळखला, आणि २०१८ मध्ये पृथ्वीच्या इतिहासातल्या आत्ताच्या कालखंडाला मेघालयन नाव दिलं गेलं. आपण सगळे मेघालयन काळात जगतोय, ठाण्यात बसून सुद्धा. आम्ही बूट काढून मोज्यांवर, एका रेषेत, भिंतीला हात न लावता पुढे गेलो. हाताचा तेलकटपणा लागला तरी तिथे पुढचा थर धरत नाही.

मग धोंड्यांचा ढीग. छतापर्यंत. पाणी त्याच्या खालून खळखळत निघून जातं आणि फटीतून तोंडावर वारा येतो. कळव्याने दोन तास फटी शोधल्या, माणूस जाईल अशी एकही नाही. इथे संपलं. शेवटचं स्टेशन, शेवटचे शॉट, पुढून आणि मागून. दिवसाचे २४६ मीटर.

बाहेर येऊन दोर काढले, बोल्टच्या पट्ट्या काढल्या, कचरा, आमचा आणि आधीच्या पुराचा पण, ते चिप्सचं पाकीट तेवढं काढता आलं नाही, उंच होतं.

रात्री आकडा आला. एकूण लांबी १,१८४ मीटर, खोली ६१ मीटर. शेवटचं स्टेशन झऱ्यापासून ३८ मीटरवर आणि त्याच्यापेक्षा जेमतेम चार मीटर उंच. दादाने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि काहीच बोलला नाही. म्हणजे बांबूच्या बनात जमिनीत जाणारा ओढा आणि गाव ज्याचं पाणी पितं तो झरा हे अगदी बहुतेक एकच, शंभर टक्के म्हणायला पाण्यात रंग सोडून तपासावं लागतं, ते पुढच्या वेळी. पण मध्ये डोंगर फोडला तर काय होईल ते आता कागदावर बोट ठेवून दाखवता येतं.

दिवस ९, रविवार

चर्च सुटल्यावर गावप्रमुखांच्या अंगणात लॅपटॉप ठेवला. चाळीसेक माणसं, पोरं झाडावर. मोठे बाह नाव घेऊन शेत सांगायचे आणि मग त्याच्याखालची गुहा. ज्यांची शेतं आली त्या बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. आजीबाईंना त्यांचं शेत दोनदा दाखवावं लागलं. झऱ्यापाशी रेषा आली तेव्हा सगळे गप्प झाले. गावप्रमुखांनी विचारलं, हे कागदावर मिळेल का? मोठ्या कागदावर, भिंतीला लावता येईल असं?

ठाणे, तीन आठवड्यांनी

सोमवारी रात्री घरी. दोर सोसायटीच्या गार्डनच्या नळावर तीन वेळा धुतले तरी लाल पाणी येत होतं, वॉचमन काका पाइप धरून उभे राहिले.

फायनल नकाशाला तीन आठवडे गेले. ताईने रोज ऑफिसनंतर बसून थेरियन या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंती काढल्या, मी ऐरोलीला जाऊन समोर बसायचे आणि आकडे वाचायचे. धोंड्यांच्या ढिगापाशी प्रश्नचिन्ह, अजून दोन बोळांच्या तोंडाशी प्रश्नचिन्ह. वरती फिकट रेषेने शेतं, चर्च, झरा. शेतांची नावं दोन लिप्यांमध्ये, त्यांच्यासाठी रोमन, आमच्यासाठी देवनागरी. चौदा लेगच्या त्या बोळाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी धाकट्या बाहना फोन करून विचारलं, त्यांच्या भाषेत दोनदा चाललेली वाट याला काय म्हणतात. त्यांनी सांगितलं तेच लिहिलं.

प्रिंटला स्टेशनजवळच्या दुकानात गेलो, जिथे आर्किटेक्ट लोकांचे प्लॅन छापतात. ए-वन साइज, दोन कॉप्या, एकीला लॅमिनेशन. मशीनमधून कागद हळूहळू बाहेर येत होता, आधी बांबूचं बन, मग मोठा पॅसेज. दुकानवाले काका वाकून बघायला लागले.

"कुठल्या बिल्डिंगचा प्लॅन हा? भिंत एक पण सरळ नाही."

"बिल्डिंगचा नाही काका, डोंगराचा आहे. आतून."

ते चष्मा सावरून बघत राहिले, झऱ्यापर्यंत कागद येईतोवर. मग लॅमिनेशनचे पैसे घ्यायला नको म्हणाले. ताईने आग्रह करून दिले. कागद गुंडाळून नळीत घातला आणि आम्ही दोघी कुरिअरच्या दुकानाकडे निघालो.